बाईची हाक

सुरतेत तीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढली की कान जातात, पण समोरच्याचे ओठ वाचता येतात. दगाचंही तसंच झालं होतं. आता तो युद्धविरोधी चित्रांच्या प्रदर्शनात राखणीला होता. चित्रं परदेशातल्या एका स्मारक-संग्रहालयातून आलेली.

शेवटच्या चित्रात काळ्या शाईतली एक आई तोंड उघडून हाक मारत होती. चित्र हलत नव्हतं, तरी पहिल्याच दिवशी दगाने तिचे ओठ वाचले. हेमराज. त्याच्या पोराचं नाव. पोरगा सरहद्दीवर शिपाई होता.

"काका, शंभर वर्षांपूर्वी छापलंय ते," प्रदर्शनवाली प्रज्ञा म्हणाली.

"मंग मन्हा पोऱ्यानं नाव कसं काय लेस ती?"

लोक त्या चित्रातल्या बाईसमोर हसत-खिदळत, आणि दगा दातओठ खाई.

चौथ्या दिवशी तीन पोरी आल्या आणि त्या बाईसारखाच आ वासून सेल्फी काढू लागल्या. तिघींच्याही ओठांवर हेमराज होतं. दगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तोंडं मिटा!" तो गरजला. "मिटा आधी!"

पोरींनी घाबरून तोंडं मिटली.

चित्रातल्या बाईनेही मिटलं.