छाटणी

खिडकीखालचं हायड्रेंजियाचं बुटकं फुलझाड त्याच्या बायकोने लावलेलं. आता तिला खिडकीजवळच्या पलंगावरून उठता येईना, म्हणून ऐन हिवाळ्यात त्याने छाटणीची जबाबदारी घेतली. आजवर त्याची कात्री दुधाच्या पिशवीपलीकडे गेली नव्हती. तरी सगळ्या फांद्या त्याने वीत-वीत ठेवून नेटक्या कापल्या. उन्हाळ्यात पानं माना टाकू लागली तेव्हा जुनी चादर बांधून सावली केली, बुंध्याशी वाळका पाला पसरला. स्वतःचा चहा राहिला, पण झाडाचं पाणी कधी चुकलं नाही.

"आज-उद्यात कळ्या धरतील बघ," तो रोज सांगायचा.

"धरतील की," ती म्हणायची.

डॉक्टरांनी तिला या उन्हाळ्यापुरतीच मुदत दिली होती. पानं दाट झाली, कळी एकही नाही. शेवटी तो रोपवाटिकेत गेला. तिथल्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो काका, याच्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात. हिवाळ्यात छाटलंत, म्हणजे यंदाची फुलंच कापलीत. आता पुढच्या वर्षी."

घरी येऊन तो पलंगाच्या कडेला बसला.

"तुझी फुलं मीच कापली गं."

"माहीत आहे. खिडकीतून बघत होते ना मी."

"मग हटकलं का नाहीस?"

तिने त्याचा हात धरला.

"माझा रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही शीळ घालत होतात."