कोपऱ्यातल्या सात टिचक्या

दवाखान्याच्या खोलीत शिरताच त्याने आईच्या उशाशी ठेवलेलं यंत्र ओळखलं आणि त्याला हायसं वाटलं. श्वास अडखळला की बोंब ठोकणारं हे यंत्र त्यानेच घडवलं होतं, फोनची खुली, फुकट मिळणारी सिस्टिम आत बसवून. पण आत्ता त्याच यंत्रावर एक जुनं गाणं वाजत होतं.

"हे कोणी लावलं?"

"मीच!" ताई हसली. "नर्सबाईंनी शिकवलं. पडद्याच्या कोपऱ्यात सात टिचक्या मारल्या की आत अख्खा फोनच निघतो. सगळ्या वॉर्डात लावतात म्हणे."

ती चोरवाट चाचणीसाठी त्यानेच ठेवली होती आणि बुजवायची राहून गेली होती. फोनच्या सिस्टिमचा स्वभाव त्याला पाठ होता. मेमरी अपुरी पडली की जे समोर दिसतंय ते ती चालू ठेवते आणि मागे चाललेलं गुपचूप बंद करून टाकते. समोर गाणं होतं. श्वासावरची राखण मागे होती.

"ताई, कधीपासून चालू आहे हे?"

"सकाळपासून." ताईने आवाज खाली आणला. "हळू बोल रे, आत्ता कुठे गाढ झोप लागलीय तिला. काल दिवसभर हे मेलं यंत्र सारखं कोकलत होतं. गाणी लावल्यापासून बघ, एकदासुद्धा ओरडलं नाही."

त्याने आईच्या नाकाशी बोट धरलं. गाणं जराही न अडखळता चालूच होतं.