दर्याकडची भिंत

आगबोटीने आलेल्या नव्या पाद्रीबाबांना आमचं टेकडीवरचं जुनं चर्च आवडलं, भिंतीवरचा चुना मात्र आवडला नाही. "एवढे सुरेख चिरे झाकले कशाला? खरवडून काढ!" मी गवंडी, ते जांभ्याचे चिरे माझ्या पणज्याने बसवलेले, सांध्यात सुई जायची नाही. आठवडाभर हौसेने खरवडलं. भिंती लालभडक झाल्या. मग मुंबईहून मचवा घेऊन परतलेला इस्माईल तांडेल ओलाचिंब वर आला. "बाबा, आमची खूण कुठं गेली? तुमची पांढरी भिंत समोर धरून आम्ही खाडीत शिरतो. आज दिसलीच नाही, खडकावर आदळता आदळता वाचलो!" पाद्रीबाबा खजील झाले. "चुना भाजायला शिंपल्या आम्ही आणतो," तांडेल निवळून म्हणाला. पहिला कुंचा पाद्रीबाबांनी स्वतः मारला. गावाकडची भिंत तेवढी त्यांनी लाल ठेवली. आता दर्यावरून येणाऱ्याला पांढरं चर्च दिसतं, रविवारी मिस्साला येणाऱ्याला माझा पणजा.