आबाजीचा परवाना

"त्या रात्री काय मारलंत?" मामलेदारांनी विचारलं.

"डुक्कर, रावसाहेब," आबाजी म्हणाला.

"आणि पूर्वी काय सांगत होतात?"

आबाजीनं शेजारी उभ्या बायकोकडं पाहिलं. सोनाबाईनं डोळ्यांनीच खुणावलं, सांगा.

"कातकरवाडीतल्या पोशाला मारलं म्हणून सांगायचो. शेतात वाकून खेकडं धरत होता, मला डुक्कर वाटलं, असं. डोकं फिरलं होतं तवा."

त्याची ठासणीची बंदूक कर्जतच्या कचेरीत जमा होती. वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेल्याच्या हाती सरकार ती परत देईना. डुकरांनी दोन वर्षं भात लोळवलं, तेही त्यानं सोसलं. पण देवळात कीर्तन उभं राहिलं, की बुवांच्या मागची मंडळी त्याच्या हातातले टाळ काढून घेत. "तू नुसता ऐक रं, आबा. मधीच वरडशील." ते मात्र जिव्हारी लागे. सरकारनंच बंदूक दिली, तर मग येडा कोण म्हणेल?

"पोशाची आई आलीय?"

कातकरवाडीतली मोतीबाई पुढं झाली.

"मुलगा कुठं असतो तुझा?"

"घाटावर, मामाकडं. कोळशाच्या भट्टीवर."

"जिवंत आहे ना?"

मोतीबाईनं सोनाबाईकडं पाहिलं. "जिता हाय, साहेब."

मामलेदारांनी बंदुकीच्या परवान्यावर सही केली.

परतताना आबाजी पुढं चालत होता, सोनाबाई नि मोतीबाई मागं. खांद्यावर बंदूक, ओठांवर अभंग. इस्पितळात पोशा रोज त्याच्या उशाशी येऊन बसायचा, चिखलानं माखलेला. डॉक्टर म्हणायचे, आबाजी, तिथं कुणी नाही. खरंच कुणी नव्हतं. पांडुरंगानं सोडवलं.

"सोने, आज कीर्तनात टाळ मी धरणार गं!"

"धरा की. पण गळा आवरा, न्हाईतर बुवाच पळतील."

तो हसला. किती दिवसांनी.

ओढा लागला तसा तो पाय धुवायला खाली उतरला. बायका वरच थांबल्या. मोतीबाई हळूच बोलत होती, पण वारा तिकडूनच येत होता.

"तू म्हणालीस तसं बोलले मी, सोनाबाय. आता तुझा शब्द पाळ. कुठं पुरलंस माझ्या पोशाला?"