शुद्ध अन्नाबी

अन्नाबा शहरातल्या कॉफीखान्यात बूजेमाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मकनीन हे तांबड्या तोंडाचं रानपाखरू डोंगरागणिक वेगळ्या बोलीत गातं, आणि त्यातली शुद्ध अन्नाबी बोली तो डोळे मिटून ओळखायचा. तशी गाणारी पाखरं त्याने एकेक करून डोंगरावरून पिंजऱ्यात आणली होती.

गेली काही वर्षं मात्र जाळ्यात येईल ते पाखरू ओरानच्या ढंगात गात होतं.

"अगं वनासा, ओरान कुठे, आपण कुठे! देशाचं दुसरं टोक!" तो बायकोपुढे करवादला. "असलं भेसळीचं एक पाखरू घरात आणलं, तर त्याचं ऐकून माझे सगळे गवई नासतील. आजही सगळी सोडून दिली. कोण नतद्रष्ट आपल्या डोंगराची बोली बिघडवतोय, तो हाती लागू दे, तंगडंच मोडतो त्याचं!"

"मोडा की. आधी कॉफी घ्या, गार होतेय," वनासा म्हणाली.

कॉफी पिऊन बूजेमा बोलीच्या नावाने गळा काढायला मित्रांकडे गेला. वनासा रानभाजी खुडायला म्हणून टोपली घेऊन डोंगर चढली. घरट्यांच्या झाडाखाली बसून तिने मोबाईलवर ओरानच्या मकनीनचं गाणं लावलं.

 

"अशुद्धच गा रे लेकरांनो," ती वर बघत म्हणाली, "आभाळ तरी तुमचं राहील."