सातवी ओळ

“हिरवी आहे ना? मग झालं तर!” साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि ते पुन्हा आपल्या चहाकडे वळले.

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. स्क्रीनवर कंपनीच्या मालगाड्यांच्या ओळी होत्या, एका ट्रकला एक ओळ. वरून सातवी ओळ त्याच्या धाकट्या भावाची. ठिकाण घाट, वेग अडतीस, रंग हिरवा. जेवणाच्या वेळेला पायथ्याशी पोचायचा ट्रक चार वाजले तरी आला नव्हता. धाकट्याचा फोन लागत नव्हता. घाटात धुकं उतरलं होतं आणि दोनेक तासांत अंधार पडणार होता. अंधारात त्या दरीत कोण कुणाला शोधणार?

“साहेब, क्रेन पाठवा. पाया पडतो तुमच्या.”

“अहो, क्रेन एकच आहे. हिरव्या गाडीसाठी ती घाटात धाडली आणि इकडे खरंच कुणी अडकलं, तर वरच्यांना काय तोंड दाखवू? धुक्यात गाड्या रेंगाळतातच.” मग साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “स्क्रीन तुम्हीच बनवलीत ना? आणि तुमचाच विश्वास नाही होय?”

तिथेच तर गोम होती. स्क्रीन त्याचीच होती. म्हणूनच त्या खोलीत त्याला एकट्यालाच ती खरी वाचता येत होती. बाकीच्या ओळींतले आकडे सारखे हलत होते. एक्केचाळीस, चाळीस, पुन्हा एक्केचाळीस. धाकट्याचा अडतीस मात्र थोरला खोलीत आल्यापासून अडतीसच होता.

घाटात रेंज गेली की गाडी मुकी होते आणि तिची शेवटची खबर तेवढी ओळीत उरते. थोरल्याने आधी अशी ओळ राखाडी ठेवली होती, शेजारी शेवटच्या खबरीची वेळही दिली होती. पण पहिल्याच बैठकीत साहेब करवादले, “ही राखाडी भोकं कशाला? बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. घाट उतरली की गाडी बोलतेच की!” थोरल्याने सेटिंगमधली राखाडीची एक खूण काढली आणि सुंठीवाचून खोकला गेला. स्क्रीन कशी हिरवीगार, देखणी दिसू लागली. सगळ्यांनी वाहवा केली, आणि खोटं कशाला बोला, त्यालाही ती आवडली. आता बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

“तो हिरवा खोटा आहे, साहेब.”

“मला हिरवा दिसतोय. मी दिसतं त्यावर चालतो.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. थोरल्याने लॅपटॉप उघडला. काढलेली खूण परत घालायची, एवढंच काम होतं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. शेवटच्या बटणावर बोट नेलं आणि फोन वाजला. आईचा.

“अरे, धाकट्याचं हिरवं आहे बरं का. मी बघतेय इकडे. तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. काही खाल्लंस का?”

“खाल्लं,” तो कसाबसा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

ड्रायव्हरांच्या घरच्यांना हीच ओळ मोबाइलवर दिसायची. आईला त्यानेच शिकवलं होतं, हिरवं म्हणजे खुशाल झोपायचं. आता बटण दाबलं की तिच्या हातातल्या फोनवरही राखाडी उमटणार होती, आणि ती घरात एकटी होती. नाही दाबलं, तर क्रेन हलणार नव्हती. त्याला रडू आवरेना. तशाच डोळ्यांनी त्याने बटण दाबलं.

भिंतीवर तीन ओळी राखाडी झाल्या. त्यातल्या दोन गाड्यांची खबर पाच-दहा मिनिटांपूर्वीची होती. सातव्या ओळीत लिहून आलं, शेवटची खबर सकाळी दहा पन्नास.

“दहा पन्नास?” साहेबांचा कप हातातच राहिला. “म्हणजे पाच तास हा पोरगा...” पुढचं न बोलता ते क्रेनवाल्याच्या नावाने हाका मारत बाहेर धावले.

फोन पुन्हा वाजू लागला. थोरल्याला तो उचलवेना. वाजून वाजून बंद पडेल या भीतीने शेवटी त्याने उचलला.

“आई, घाबरू नकोस. क्रेन निघालीय. ते हिरवं जे होतं ना, ते माझ्यामुळे...”

“ठाऊक आहे रे मला,” आई म्हणाली. तिचा आवाज रडून रडून बसला होता. हे रडणं आत्ताचं नव्हतं. “घाटात शिरलं की ते हिरवं खोटंच असतं. पहिल्याच खेपेला धाकट्याने सांगितलं होतं. तो घाट उतरून फोन करायचा, तेव्हा कुठे मी पाठ टेकायचे.”

“मग मला कधी बोलली का नाहीस?”



“त्यानेच अडवलं. म्हणाला, दादाला सांगू नकोस, एवढ्या हौसेनं केलंय त्याने, त्याला वाईट वाटेल.”