बायकांची तपासणी
जोहे गावच्या काशिनाथच्या छातीला सूज आली, तेव्हा डॉक्टरांनी रक्तातलं इस्ट्रोजेन हार्मोन तपासायला सांगितलं. पेणच्या लॅबमध्ये काउंटरवरची मुलगी मोठ्यानं म्हणाली, "काका, ही तपासणी बायकांची असते. पुरुष लिहिलं की कंप्युटर बिलच काढत नाही. स्त्री लिहू का?" बाकावरची माणसं खदखदून हसली. काशिनाथचे कान तापले. क्षणभर त्याला वाटलं, हो म्हणावं आणि सुटावं. पण तो बाकाकडे वळला. "व्हय, माझी छाती सुजलीय. पुरुषांचीपण सुजते." मग मुलीला म्हणाला, "डॉक्टर बोलले, स्त्री लिवलं तर बायकांच्या मापानं रिपोर्ट नॉर्मल दिसेल आणि आजार तसाच राहील. पुरुषच लिव. तोवर हलायचा नाय." हसू विरलं. मुलीनं वरिष्ठांना विचारून बिल हातानं लिहिलं. रक्त देऊन काशिनाथ निघाला, तेव्हा बाकावरच्या, छातीशी पिशवी आवळलेल्या म्हाताऱ्यानं त्याची बाही धरली. "दादा, तुझा डॉक्टर कुठं बसतो?"